भांडण परवडलं, एकमत महागात पडलं

आघाडी सरकार म्हटलं की आपल्याकडे पहिला शब्द येतो तो 'कडबोळं'. साखर, पाणी, रस्ते यांच्यापुरतं हे कडबोळं चालवून घेऊ, पण गोष्ट देशाच्या सुरक्षेची आणि परराष्ट्र धोरणाची असेल तर सत्ता एकहाती हवी, असं चहाच्या टपरीपासून संपादकीय पानापर्यंत सगळे बजावून सांगतात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हणही लगेच हजर होते. २००८ साली अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला तेव्हा मलाही हे पटलं होतं. पण त्याच्या दहा वर्षं आधी, मे १९९८ मध्ये, पोखरणचा निर्णय घेतला तो डझनभर पक्षांची मोट बांधलेल्या सरकारनेच, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय सुरक्षा परिषदही त्याच सरकारने उभी केली. म्हणजे म्हण सोपी आहे, प्रकरण तेवढं सोपं नाही.

ते कसं, हे पाहायला सगळ्यात सोयीचं उदाहरण मला ब्रिटनचं वाटतं. आघाडीची त्या देशाला सवयच नव्हती. ६ मे २०१० च्या निवडणुकीत डेव्हिड कॅमेरन यांच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाला ६५० पैकी ३०६ जागा मिळाल्या. बहुमताला वीस कमी. निक क्लेग यांच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाकडे ५७ होत्या. पाच दिवस वाटाघाटी झाल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतरचं ब्रिटनचं पहिलं आघाडी सरकार सत्तेवर आलं. ते पूर्ण पाच वर्षं टिकलं, म्हणून त्याचा हिशोब नीट मांडता येतो.

हे दोन पक्ष सगळ्यात जास्त भांडतील ते परराष्ट्र धोरणावर, असा तेव्हा सगळ्यांचाच अंदाज होता. कारणंही तशीच होती. लिबरल डेमोक्रॅट युरोपीय संघाचे सगळ्यात कट्टर समर्थक, तर हुजूर पक्षातला मोठा गट त्या संघाचं नाव काढलं तरी तापणारा. पाणबुड्यांवरच्या ट्रायडेंट अण्वस्त्रांची पुढची पिढी एका पक्षाला हवीच होती, दुसऱ्याला स्वस्त पर्याय शोधायचा होता. २००३ मध्ये इराक युद्धाला तीन मोठ्या पक्षांपैकी एकट्या लिबरल डेमोक्रॅटांनी विरोध केला होता, आणि हुजूर पक्ष तेव्हा लेबर पक्षाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या पाठीशी उभा होता. आता हे एका टेबलावर बसून देशाची रणनीती ठरवणार!

भांडणं झालीच. पण पाच वर्षांचा जमाखर्च मांडला तर भांडणांमुळे झालेलं नुकसान फारसं दिसत नाही. खरं नुकसान झालं ते दोघांनी एकाच वेळी मान डोलावली तिथे.

आधी जमेच्या बाजूची एक गोष्ट सांगतो, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. कॅमेरन पंतप्रधान झाले ११ मे रोजी आणि १२ मे रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची पहिली बैठक झाली. ही संस्था नवीन होती. पंतप्रधान, उपपंतप्रधान, अर्थ, परराष्ट्र, संरक्षण, गृह, परदेशी मदत ही खाती आणि गुप्तचर व सेनादलांचे प्रमुख आठवड्यातून एकदा एका खोलीत बसणार, आणि सगळ्याची नोंद ठेवायला एक राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. पहिले सल्लागार होते पीटर रिकेट्स. टोनी ब्लेअर यांच्या काळात महत्त्वाचे निर्णय सोफ्यावर चार विश्वासू माणसांत होतात, कागदावर काही येत नाही, अशी टीका व्हायची. इराकच्या गुप्तवार्तांची चौकशी करणाऱ्या बटलर समितीनेही २००४ मध्ये या पद्धतीवर बोट ठेवलं होतं. आघाडीत असा सोफा परवडत नाही. दुसऱ्या पक्षाचा नेता समोर बसलेला असतो, त्याला कागद दाखवावा लागतो, आणि त्याचा होकार कुठेतरी लिहून घ्यावा लागतो. एरवी आळसाने राहून जाणारी शिस्त इथे अविश्वासापोटी आली. मला हे अविश्वासाचं देणं वाटतं, आणि ते छोटं नाही.

पण ही परिषद असली तरी आघाडीचे खरे निर्णय दुसऱ्याच चौघांत होत असत. वेस्टमिन्स्टरमध्ये त्यांना 'क्वाड' म्हणत: कॅमेरन, क्लेग, अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न आणि अर्थखात्यातले त्यांचे दुय्यम मंत्री डॅनी अलेक्झांडर. दोन हुजूर, दोन लिबरल. तोल अगदी सोनाराच्या काट्यावर तोलल्यासारखा. पण ही माणसं कुठल्या खात्यांची आहेत ते बघा. चौघांतले दोघे तिजोरीवाले. परराष्ट्रमंत्री नाही, संरक्षणमंत्री नाही. लिबरल डेमोक्रॅटांना परराष्ट्र आणि संरक्षण खात्यांत मिळाली ती राज्यमंत्रिपदं, आणि २०१२ च्या फेरबदलात तीही गेली. त्यांनी आपला पक्का माणूस बसवला तो अर्थखात्यात. तूट कमी करणं हा आघाडीचा पाया आहे यावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं, त्यामुळे त्या पायावर शंका घेणारं टेबलाभोवती कुणी उरलंच नाही.

ऑक्टोबर २०१० चा तिसरा आठवडा यासाठी पाहण्यासारखा आहे. सोमवारी, १८ तारखेला, राष्ट्रीय सुरक्षा धोरण प्रसिद्ध झालं. मंगळवारी संरक्षण आणि सुरक्षा आढावा. बुधवारी सरकारी खर्चाचा आढावा. सोमवारी धोके, मंगळवारी फौज, बुधवारी पैसा, असा शाळेच्या वेळापत्रकासारखा क्रम. प्रत्यक्षात आठवडा उलटा चालला होता. बुधवारचा आकडा आधी ठरला, त्यात मावेल तेवढी फौज मंगळवारी, आणि त्या फौजेला शोभेल असं धोरण सोमवारी. हे माझंच निदान नाही. संरक्षणमंत्री लियम फॉक्स यांचं पंतप्रधानांना लिहिलेलं खासगी पत्र सप्टेंबरअखेर वर्तमानपत्रांत फुटलं होतं. हा संरक्षणाचा आढावा न राहता खर्चकपातीचाच मोठा अवतार दिसतो आहे, असा त्याचा मथितार्थ होता. १९९८ च्या आढाव्याला लेबर सरकारने वर्षाहून जास्त वेळ घेतला होता. इथे पाच महिन्यांत काम आटोपलं.

पैसा खरोखरच नव्हता, हे मान्य करायला हवं. २००८ च्या आर्थिक संकटानंतर ब्रिटनची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांवर गेली होती. संरक्षण खात्याने आधीच्या सरकारच्या काळात अशा ऑर्डरी देऊन ठेवल्या होत्या की पुढच्या दहा वर्षांत ३८ अब्ज पौंड कमी पडतील, असं फॉक्सच सांगत होते. मावळत्या लेबर मंत्र्याने तर अर्थखात्यातल्या आपल्या टेबलावर 'पैसे शिल्लक नाहीत' अशा अर्थाची चिठ्ठी ठेवली होती. त्याने ती गमतीत लिहिली होती, पण पुढच्या निवडणुकीतही त्याच्या पक्षाचे प्रतिस्पर्धी ती फडकवत राहिले. तेव्हा अंथरूण पाहून पाय पसरायला कुणाचीच हरकत नव्हती. इथे मात्र अंथरूण कापलं आणि वर जाहीर केलं की पाय पूर्वीइतकेच पसरणार. परराष्ट्रमंत्री विल्यम हेग सांगत राहिले की ब्रिटन जगात कुठेही आक्रसणार नाही. संरक्षण खर्च चार वर्षांत प्रत्यक्षात सुमारे आठ टक्के घटणार होता. धोरण तोच आवाका सांगत होतं.

या कात्रीचा सगळ्यात बोलका नमुना म्हणजे निमरॉड. समुद्रावर गस्त घालून पाणबुड्या हुडकणारं हे विमान. त्याची नवी आवृत्ती वर्षानुवर्षं रखडली होती, खर्च साडेतीन अब्ज पौंडांच्या आसपास गेला होता, आणि विमानं आता कुठे तयार होत आली होती. आढाव्याने ती रद्द केली. जानेवारी २०११ मध्ये मँचेस्टरजवळच्या वुडफर्डला, कारखान्याच्या आवारात, जेसीबीसारख्या यंत्रांनी त्या कोऱ्या विमानांचे पंख आणि धडं फोडली. विकली नाहीत, झाकून ठेवली नाहीत, फोडली. पुढे २०१४ च्या अखेरीस स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ अनोळखी पेरिस्कोप दिसल्याची बातमी आली. ब्रिटनच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचा तळ तिथेच आहे. शोधायला ब्रिटनकडे स्वतःचं एकही असं विमान नव्हतं. फ्रान्स, अमेरिका, कॅनडा यांची विमानं मागवावी लागली. २०१५ मध्ये अमेरिकेकडून नऊ पोसायडन विमानं घ्यायचं ठरलं, आणि त्यातलं पहिलं फेब्रुवारी २०२० मध्ये स्कॉटलंडला किनलॉसच्या धावपट्टीवर उतरलं. एकेकाळी निमरॉड त्याच किनलॉसवरून उडायची.

विमानवाहू नौकांचं तर विचारू नका. दोन नव्या प्रचंड नौका बांधायचं काम चालू होतं. करार असे केलेले की रद्द करणं बांधण्यापेक्षा महाग पडेल. म्हणून नौका ठेवल्या, पण जुनी 'आर्क रॉयल' आणि तिच्यावरची हॅरिअर विमानं तातडीने काढून टाकली. म्हणजे नवी नौका येईपर्यंत जवळपास दशकभर विमानवाहूच नाही. नव्या नौकांवर कुठली विमानं ठेवायची हा निर्णय २०१० मध्ये बदलला, २०१२ मध्ये पुन्हा पहिल्यावर आणला, आणि या कोलांटउडीत कोट्यवधी पौंड बुडाले. हॅरिअरांचा ताफा २०११ मध्ये अमेरिकेला सुट्या भागांसाठी विकला. यात आपल्याला गंमत वाटावी अशी एक गोष्ट आहे. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनची ध्वजनौका असलेली 'हर्मीस' भारताने विकत घेतली होती. तीच आपली 'विराट'. ब्रिटनने हॅरिअरला निरोप दिल्यानंतरही पाचेक वर्षं आपली सी हॅरिअर उडत होती, आणि गोव्यात दाबोळीच्या हंसा तळावर २०१६ मध्ये त्यांना निरोप दिला गेला. ज्यांची ती विमानं, त्यांनीच ती आपल्याआधी मोडीत काढली.

आढाव्याची शाई वाळायच्या आत लिबिया पेटलं. बेनगाझीतून ब्रिटिश नागरिक बाहेर काढायला जी युद्धनौका धावली ती 'कंबरलँड'. ती त्याच आढाव्याने निवृत्त केलेली, शेवटचा प्रवास करून घरी निघालेली. वाटेतून वळवावी लागली. मार्चमध्ये हल्ले सुरू झाले तेव्हा टोर्नेडो विमानं इंग्लंडच्या नॉरफॉकमधल्या मारहॅम तळावरून उडून, हवेतच इंधन भरत, तीन हजार मैलांची फेरी करून परत येत होती. फ्रान्सची विमानवाहू नौका मात्र काही दिवसांतच लिबियाच्या किनाऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

पण लिबियाचा खरा धडा विमानांचा नाही. २१ मार्च २०११ रोजी ब्रिटिश संसदेने या कारवाईला ५५७ विरुद्ध १३ मतांनी मान्यता दिली. दोन्ही सत्ताधारी पक्ष आणि विरोधी लेबरसुद्धा एका बाजूला. इराकच्या वेळी 'पुढे काय?' असं विचारणारा एकमेव मोठा पक्ष आता सरकारात होता, आणि या वेळी त्याने विचारलं नाही. संयुक्त राष्ट्रांचा ठराव क्रमांक १९७३ हाती होता, इराकसारखी कायद्याची पळवाट नव्हती, म्हणून त्यांना हायसं वाटलं असावं. पण कायदेशीर असलेलं सगळं शहाणपणाचं असतं असं नाही. नागरिकांचं रक्षण म्हणून सुरू झालेली मोहीम राजवट उलथण्यापर्यंत गेली, गद्दाफी गेले, आणि नंतर देश टोळ्यांत विभागला गेला. २०१६ मध्ये संसदेच्या परराष्ट्र समितीने कडक शब्दांत लिहिलं की निर्णयामागची माहिती कच्ची होती आणि नंतरच्या लिबियाची योजनाच नव्हती. समितीचं अध्यक्षपद तेव्हा हुजूर पक्षाच्याच खासदाराकडे होतं.

याच्या बाजूला सीरिया ठेवून बघा. २९ ऑगस्ट २०१३ ची रात्र. दमास्कसजवळ रासायनिक हल्ल्यात शेकडो माणसं मारली गेली होती. कारवाईच्या दिशेने जाणारा सरकारचा ठराव संसदेत आला आणि २७२ विरुद्ध २८५ असा पडला. युद्ध-शांततेच्या प्रश्नावर ब्रिटिश पंतप्रधान संसदेत हरणं ही आधुनिक काळात न घडलेली गोष्ट. हुजूर पक्षाचे तीस आणि लिबरल डेमोक्रॅटांचे नऊ खासदार सरकारच्या विरोधात गेले होते. कॅमेरन उभे राहिले आणि संसदेचं मत मला कळलं, त्याप्रमाणे सरकार वागेल, असं सांगून खाली बसले. त्या रात्री ब्रिटनने जबाबदारी झटकली असं म्हणणारे आजही आहेत. असद राजवटीने पुढेही रासायनिक अस्त्रं वापरली हे खरं आहे, त्यामुळे त्यांचं दुःख मी उडवून लावत नाही. पण मग काय करायचं होतं, किती दिवस, आणि त्यानंतर कोण, याचं उत्तर त्या ठरावात नव्हतं. लिबियाच्या वेळीही नव्हतं. फरक इतकाच की या वेळी कुणीतरी विचारलं.

माझा मुद्दा लंगडा पडतो ती जागाही सांगायला हवी. ट्रायडेंटवर भांडण झालं म्हणून अंतिम निर्णय २०१६ पर्यंत पुढे ढकलला. लिबरल डेमोक्रॅटांच्या समाधानासाठी २०१३ मध्ये पर्यायांचा अहवाल निघाला, कपाटात गेला, आणि २०१६ मध्ये ४७२ विरुद्ध ११७ मतांनी तेच झालं जे आधी होणार होतं. दरम्यान जुन्या पाणबुड्यांचं आयुष्य ओढून वाढवावं लागलं, आणि त्यांच्या खलाशांना आज पाच-पाच महिन्यांहून लांब गस्ती कराव्या लागतात. भांडण फुकट नसतं. एकमताच्या तुलनेत मात्र स्वस्त पडलं, एवढंच माझं म्हणणं. आणि एकमताने सगळं वाईटच झालं असंही नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम गरीब देशांना मदत म्हणून द्यायची, हे जुनं वचन याच सरकारने २०१३ मध्ये प्रथम पाळलं आणि २०१५ मध्ये त्याचा कायदा केला. नंतर एकहाती बहुमत असलेल्या सरकारने ते ०.५ वर आणलं.

आपल्यापर्यंत पोहोचलेल्या झळांपैकी एक बीबीसीची. वर्ल्ड सर्व्हिसचा खर्च तोवर परराष्ट्र खातं करायचं. ऑक्टोबर २०१० मध्ये तो बीबीसीच्या गळ्यात मारला आणि तोपर्यंतच्या अनुदानालाही कात्री लावली. पाच भाषांच्या सेवा बंद झाल्या. हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण बंद करायचं ठरलं होतं, ओरड झाल्यावर त्यातला एक तास वाचला. जगात आपला शब्द ऐकला जावा असं सोमवारच्या धोरणात लिहायचं आणि बुधवारी रेडिओच बंद करायचा! पाच वर्षांनी, २०१५ च्या नव्या सुरक्षा आढाव्यात, वर्ल्ड सर्व्हिसला वर्षाला साडेआठ कोटी पौंड पुन्हा द्यायचं ठरलं, आणि त्यातून ज्या नव्या भाषा सुरू झाल्या त्यांत मराठी होती. २ ऑक्टोबर २०१७ ला बीबीसी मराठी सुरू झालं. आपण मोबाइलवर जी बातमी वाचतो ती अशी ब्रिटनच्या सुरक्षा धोरणातून आली आहे. पण हे शहाणपण सुचायला आघाडी जावी लागली, हे माझ्या युक्तिवादाला फारसं सोयीचं नाही. असो.

दुसरी झळ व्हिसाची. तिचा अनुभव पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांनी घेतला. पदवीनंतर दोन वर्षं ब्रिटनमध्ये थांबून काम करायची सोय एप्रिल २०१२ मध्ये बंद झाली. माझ्या ओळखीतल्या एका घरातली मुलगी २०११ च्या सप्टेंबरमध्ये कर्ज काढून एम.एस्सी.ला गेली होती. हिशोब असा होता की दोन वर्षं तिथे नोकरी करून कर्ज फेडू. पदवी हातात पडली तेव्हा थांबायची सोयच उरली नव्हती. वडिलांनी जेवणाच्या टेबलावर बँकेचं पासबुक उघडून बसलेलं मी पाहिलंय. २०१०-११ मध्ये ब्रिटिश विद्यापीठांत ३९ हजारांच्या घरात भारतीय विद्यार्थी होते, चार वर्षांत ते १९ हजारांच्याही खाली आले. आणि हे घडत होतं तेव्हा परराष्ट्र खात्याचं जाहीर धोरण होतं भारताशी खास नातं जोडायचं. कॅमेरन २०१० मध्ये बंगळुरूला आले, फेब्रुवारी २०१३ मध्ये मुंबईत येऊन भारतीय विद्यार्थ्यांवर संख्येची मर्यादा नाही असं सांगून गेले, दोन दिवसांनी जालियनवाला बागेत त्यांनी मान झुकवली. इथे भांडण झालं होतं, हे लक्षात घ्या. उद्योगमंत्री विन्स केबल, लिबरल डेमोक्रॅट, स्थलांतरितांचा निव्वळ आकडा लाखाच्या खाली आणण्याच्या ध्येयावर उघड टीका करत होते. पण गृहखातं थेरेसा मे यांच्याकडे होतं, आणि धाकट्या भावाचं चाललं नाही. पदवीनंतर दोन वर्षं थांबायची मुभा पुन्हा आली ती २०२१ मध्ये.

आता उरतो युरोप. आघाडी सरकारमध्ये कॅमेरन यांना सगळ्यात जास्त वाकवलं ते क्लेग यांनी नाही, स्वतःच्या पाठीमागच्या बाकांवरच्या खासदारांनी. ऑक्टोबर २०११ मध्ये युरोपीय संघात राहायचं की नाही यावर सार्वमत घेण्याच्या मागणीवर हुजूर पक्षाच्या ८१ खासदारांनी पक्षादेश मोडला. दीड महिन्यात कॅमेरन यांनी ब्रसेल्सला युरोपीय संघाच्या नव्या करारावर नकाराधिकार वापरला. संसदेत ते निवेदन करत होते तेव्हा शेजारची क्लेग यांची जागा रिकामी होती. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी सार्वमताचं वचन दिलं, पण ते पुढच्या निवडणुकीनंतरसाठी. सरकारी विधेयक आणायला लिबरल डेमोक्रॅटांनी ठाम नकार दिला होता. मे २०१५ मध्ये मतदारांनी लिबरल डेमोक्रॅटांना ५७ वरून ८ वर आणलं आणि हुजूर पक्षाला ३३१ जागा दिल्या. आता एका म्यानात एकच तलवार होती. तेरा महिन्यांत सार्वमत झालं आणि ५१.९ टक्के लोकांनी युरोपीय संघ सोडायचं ठरवलं.

युरोपीय परिषदेचे माजी अध्यक्ष डोनाल्ड टुस्क यांनी २०१९ मध्ये बीबीसीला एक आठवण सांगितली. सार्वमताचं असलं धोकादायक वचन तुम्ही का दिलंत, असं त्यांनी कॅमेरन यांना विचारलं होतं. टुस्क यांच्या सांगण्याप्रमाणे कॅमेरन म्हणाले की काळजीचं कारण नाही, पुन्हा आघाडीच येईल आणि आपला भागीदार ते अडवेल. कॅमेरन यांच्या बाजूने हे नाकारलं गेलं.